डंडीतल्या पॅलेस्टिनी कला महोत्सवासाठी प्रोड्युसर नेमायचाय, पगाराला हातभार लावा

नमस्कार मंडळी,

स्कॉटलंडमधल्या डंडी, पर्थ, फाइफ आणि आजूबाजूला राहणाऱ्या सगळ्या मराठी लोकांसाठी हे लिहितेय. आपलं डंडी १९८० पासून पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसशी जोडलेलं ट्विन शहर आहे, हे इथे वर्षानुवर्षं राहूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. नाब्लुस म्हणजे ऑलिव्ह तेलाच्या साबणाचं गाव, त्या साबणाची कला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली.

तर पुढच्या सप्टेंबरात आमची लोकल कमिटी चार दिवसांचा पॅलेस्टिनी कलांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव करतेय. नाच, नाटक, गाणी, सिनेमे, भरतकाम. कलाकार वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातून, जॉर्डन-लेबननमधून आणि जमलं तर चिलीतूनही, कारण मध्यपूर्वेच्या बाहेर सगळ्यात जास्त पॅलेस्टिनी लोक चिलीतच राहतात. हॉल मिळतोय, स्वयंपाकाला माणसं आहेत, विमानाच्या तिकिटांनाही थोडे थोडे पैसे येतायत. गाडी अडलीय ती प्रोड्युसरच्या, म्हणजे हे सगळं जुळवून आणणाऱ्या माणसाच्या, पगारावर.

कारण सरळ आहे हो. कलाकाराच्या तिकिटाला पैसे द्यायला लोकांना बरं वाटतं, ऑफिसात बसून फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणाचा हात खिशात जात नाही. पण गेल्या वेळी छोटा कार्यक्रम केला तेव्हा सगळं आम्ही व्हॉलंटियर लोकांनीच नोकऱ्या सांभाळून व्हॉट्सअपवर केलं आणि दबके या पॅलेस्टिनी नाचाच्या ग्रुपमधल्या काही जणांचे व्हिसा हातात आले तोवर कार्यक्रम होऊन गेला होता. तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच.

वेस्ट बँकेतल्या माणसाला इथे आणणं म्हणजे काय असतं ते जरा सांगते. त्यांना बहुतेक वेळा तेल अवीवच्या विमानतळावरून जाता येत नाही, म्हणजे आधी जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून अम्मान गाठायचं आणि तो पूल कधी बंद होईल याचा नेम नाही, म्हणून तिकीट बदलता येणारं घ्यायचं, अम्मानमध्ये एक-दोन रात्री राहायची सोय करायची, इन्शुरन्स बघायचा. त्याआधी कोणता व्हिसा लागतो ते ठरवून, आमंत्रणाचं पत्र आणि करार महिनोनमहिने आधी पाठवायचे. मानधन पाठवलं की बँक दहा प्रश्न विचारते, त्याची उत्तरं कागदासकट द्यायची. इकडे कौन्सिलचं लायसन्स, अरबीचे दुभाषे, साउंड, लाइट. दबके म्हणजे हातात हात घालून रांगेने नाचायचं आणि पाय असा आपटायचा की आपल्या लेझीमची आठवण यावी, त्याला लाकडी फ्लोअर हवा, काँक्रीटवर नाचवलं तर गुडघे जातात. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असायला हवं आणि त्या माणसाला त्याचे पैसे मिळायला हवेत, फुकट राबवून घेऊन नाही चालत.

गाझातल्या कलाकारांना तर आणणं जवळपास अशक्यच आहे. तिथलं सैद अल-मिशाल कल्चरल सेंटर ऑगस्ट २०१८ मध्येच इस्रायलच्या हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झालं, रशाद शव्वा सेंटर २०२३ च्या युद्धात गेलं. म्हणून त्यांचं लिखाण आणि फिल्म इथे आणायच्या. रामल्लाच्या अश्तार थिएटरने २०१० मध्ये गाझातल्या मुलांनी लिहिलेली मनोगतं जगभर वाचायला दिली होती, ती परवानगी घेऊन इथे करायची आहेत, आणि एखादं मराठीत वाचायला कोणी तयार असेल तर आम्हाला खूप आवडेल. आपल्याकडचं नातं जुनं आहे बरं का, दिल्लीच्या जन नाट्य मंचने वेस्ट बँकेतल्या जेनिन निर्वासित कॅम्पमधल्या फ्रीडम थिएटरबरोबर मिळून नाटक केलंय आणि भारतभर फिरवलंय.

"एवढे पैसे गाझाला औषधांसाठी का नाही देत?" हे विचारलं जातंच, आणि प्रश्न चुकीचा नाही. तुमच्याकडे एकच रक्कम असेल तर ती खुशाल औषधांना द्या, आम्हाला राग नाही. पण कपड्यावरच्या टाक्यांवरून बाई कुठल्या गावची ते ओळखू यावं अशी तत्रीज नावाची भरतकामाची कला (२०२१ पासून तीही युनेस्कोच्या यादीत आहे) आणि त्यातली काही गावं १९४८ च्या युद्धानंतर नकाशावरच उरली नाहीत, ते कोणीतरी जपायला, दाखवायला नको का? मला तरी ते औषधाइतकंच गरजेचं वाटतं, कमिटीत सगळ्यांचं एकमत नाही.

आता हिशोब. फुलटाइम वर्षाला ३२,००० पौंड या दराने आठवड्याचे तीन दिवस, फेब्रुवारी ते सप्टेंबर, म्हणजे १२,८०० पौंड. पेन्शनचा वाटा, जाहिरात, अकाउंट्स धरून १३,५००. केली म्हणजे स्कॉटिश लोकनाचाच्या दोन कार्यक्रमांतून आणि जुन्या कपड्यांच्या सेलमधून ५,००० जमलेत. राहिले ८,५००. जाहिरात डिसेंबरात द्यायची आहे, म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत आकडा हातात हवा. कमी पडले तर दोन दिवसांची पोस्ट करावी लागेल आणि मग कलाकारही कमी बोलवावे लागतील.

कमिटी स्कॉटलंडच्या चॅरिटी रजिस्टरवर आहे, तपासून मगच द्या. तुम्ही इथे पुरेसा टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म नक्की भरा, वरचे पैसे सरकार देतं, तुमच्या २० पौंडाचे आम्हाला २५ मिळतात आणि तुमचं काही जात नाही. ज्याच्या नावाने पैसे येतात त्यानेच फॉर्म भरायचा, नवऱ्याचं खातं आणि बायकोची सही असं नको. पैसे फक्त कमिटीच्या खात्यात, कोणाच्याही पर्सनल खात्यात नाही, मलाही नाही.

पैसे जमत नसतील तर दुसरंही चालेल. कोणी पगाराचे हिशोब करणारा अकाउंटंट आहे का? सप्टेंबरात चार रात्री एखादी रिकामी खोली? अरबी येणारं, इव्हेंटचं काम केलेलं आणि इथे नोकरी करायची परवानगी असलेलं कोणी ओळखीत असेल तर त्यांच्या कानावर घाला, फक्त पोस्ट ओळखीवर मिळणार नाही, इंटरव्ह्यू सगळ्यांचा होणार. स्टुडंट व्हिसावाल्या मुलांनो, तुम्हाला पगारी काम नाही देऊ शकत, नुसती मदत करायची असली तरी आधी युनिव्हर्सिटीत एकदा विचारून घ्या.