आप्पांचे पाय आणि माझं तोंड

देवगड, रविवार

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, शिव्या घालून घे. आमची तब्येत ठीक. आप्पांच्या आतड्याचं ऑपरेशन कणकवलीत झालं, तेही ठीक.

ठीक नाही तो मी. दुखू नये म्हणून त्यांच्या पाठीत, कण्याजवळ बारीक नळी ठेवलेली, पंपातून औषध चालू. पोटाला एवढा चिरा, पण म्हातारा कण्हला नाही. अंगाला खाज मात्र सुटली. ती त्या औषधानेच सुटते, पण आप्पा सिस्टरला म्हणाले, "तुमच्या गादयेत ढेकूण आसत."

दुसऱ्या रात्री दोन वाजता मला हलवून म्हणतात, "माजे पाय खंय गेले रे?"

भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. पंप बंद केला. औषधाने पाय जड झाले असतील तर जोर परत येईल; नाही आला तर कण्यात रक्त साकळून नस दाबली गेली असं धरायचं, आणि मग आठ तासांच्या आत मोकळी केलेली बरी. म्हणजे एमआरआय, कोल्हापूर, रात्रीचा फोंडाघाट. मग विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी सात दिवस आधी बंद केली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

बाळ्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाकिटात दोन गोळ्या कमी होत्या. मी बघितलं होतं. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "एका गोळयेन काय व्हता?" तारीख पुढे जाईल म्हणून मी गप्प बसलो.

दर अर्ध्या तासाने बाई अंगठा हलवायला सांगत, स्पिरिटचा गार बोळा लावून बघत. साडेतीनला मी बोललो. दीड तास! त्या रागावल्या नाहीत, कागदावर वेळ लिहिली आणि कोल्हापूरला फोन लावला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सव्वाचारला डावा अंगठा हलला. औषधाचाच जडपणा होता. नळी काढतानाही रक्त साकळू शकतं, म्हणून ती दोन दिवसांनी बेतानेच काढली आणि नंतरही पाय तपासत राहिल्या. आप्पा आता अंगणात फिरतात, मला कामचुकार म्हणतात.

जेटीवरच्या त्या प्रकरणात तू गप्प राहिलास म्हणून मी तुला चारचौघांत काय काय बोललो होतो! त्या दीड तासात शब्दन् शब्द आठवला. अजून आईलाही सांगितलेलं नाही, तुलाच लिहितोय.

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार. पहिल्या तोडीची पेटी सोमवारच्या एसटीने पाठवतो. मागच्या वेळी दोन आंबे कमी निघाले म्हणून भांडला होतास. या वेळी मोजून घे.

तुझा,
बाबल्या