थर्मामीटर पिशवीच्या पोटात खुपसणाऱ्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

गव्हाच्या ओंबीतून दाण्याऐवजी काळी भुकटी बाहेर पडली की मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. बियाणं नीट निवडलं नसेल. बियांना चोळायची पावडर कमी पडली असेल, डोस वाढवा. जमिनीतच खोट असेल. तुम्ही यातलं काही म्हटलं नाहीत. तुम्ही विचारलंत, बुरशी आत्ता नेमकी आहे कुठे?

हा प्रश्न आधी कुणालाच पडला नव्हता, म्हणून तर एवढा घोळ झाला. ओंबीची अशी काळी भुकटी करणारा रोग म्हणजे मोकळी काणी, आणि तिची बुरशी दाण्याच्या सालीवर नसतेच. काणी लागलेल्या ओंबीतले बीजाणू वाऱ्यावर उडतात, शेजारच्या निरोगी ओंबीच्या उघड्या फुलात शिरतात आणि दाणा भरताना त्याच्या गर्भात मुक्काम ठोकतात. असा दाणा टपोरा, तजेलदार, चाळणीत वर राहणारा. निवडून काय निघणार? वरून चोळलेलं थायरम, म्हणजे ती बुरशीनाशक पावडर, दाण्याच्या पाठीवर बसतं आणि रोग गर्भात झोपलेला असतो. आत शिरणारं औषध नव्हतंच असंही नाही. कार्बोक्झिनसारखी आंतरप्रवाही बुरशीनाशकं 1960च्या दशकापासून आहेत. पण डोस दुप्पट करायला सांगणाऱ्यांनी, हातातलं औषध कुठवर पोचतं एवढंही पाहिलं नव्हतं. असो. तुम्ही दाणे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून गर्भ सुटे केलेत, त्यांना निळा रंग दिलात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते धागे दाखवलेत. वाद तिथेच मिटला.

तरी हे पत्र सूक्ष्मदर्शकासाठी नाही, थर्मामीटरसाठी आहे. बी पिशवीत भरून गरम पाण्यात बुडवायचं आणि गर्भातली बुरशी उष्णतेने मारायची, त्या दिवसासाठी.

पातेल्यातलं पाणी काठाशी 52 अंश दाखवत होतं आणि घड्याळ लावायची घाई चालली होती. तुम्ही थर्मामीटर उचललात, पिशवीची गाठ सैल केलीत आणि तो बियांच्या मधोमध खुपसलात. 46. कुणाला बोलला नाहीत, टोमणा मारला नाहीत. पिशवी वरखाली हलवत, पारा चढेपर्यंत नुसत्या थांबलात. घड्याळ लावलंत ते त्यानंतर.

त्या थांबण्याची किंमत या कामातल्या माणसालाच कळेल. भिजलेल्या गव्हातली बुरशी 52 अंशांना सुमारे 11 मिनिटांत मरते आणि गव्हाचा कोंब तेवढं सोसतो. दोघांच्या सोसण्यात अंतर आहे ते दोनेक अंशांचं. पारा 50 च्या खाली रेंगाळला तर बियांची नुसती आंघोळ होते, बुरशी जिवंत राहते. 54-55 वर गेला तर बुरशीबरोबर उगवणही जाते. ‘हाताला चटका बसेल इतपत गरम’ असा सल्ला आधी मिळाला होता. 50 आणि 53 मधला फरक कुठल्या हाताला कळतो?

तुमच्या बाकीच्या सूचना कटकटीच्या वाटत होत्या, त्यांचा अर्थ त्या 46 मुळे लागला. पिशवी जाळीदार आणि अर्धीच भरायची, कारण दाणे फुगतात आणि त्यांच्यामधून पाणी फिरायला जागा लागते. ठासून भरलेल्या पिशवीत काठचे दाणे शिजतात, मधले कोमटच राहतात. आधी चार-पाच तास साध्या पाण्यात भिजवायचं ते बुरशीला जागं करण्यासाठी. कोरड्या दाण्यात झोपलेली बुरशी उष्णता सहज पचवते, ओलाव्याने जागी झाली की नाजूक होते. मग मिनिट-दोन मिनिटं 49 अंशांच्या पाण्यात, म्हणजे गार पिशवी पडल्यावर मुख्य पातेल्याचा पारा कोसळत नाही. एक किलो ओलं बी थेट 10 लिटर पाण्यात टाकलं तर दीडेक अंश तिथेच जातो, आणि आपल्याकडे एकूण शिल्लक दोन. वेळ भरताच थंड पाण्यात बुडवायचं, नाहीतर दाण्यात साठलेली ऊब बाहेर काढल्यावरही काम करत राहते. आणि लगेच पातळ पसरून वाळवायचं.

मोठेपणा असा, की यातलं काहीच तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलं नाहीत. गरम पाण्याची रीत डेन्मार्कच्या जेन्सन यांनी 1880च्या दशकात बसवली, हे तुम्हीच सांगितलंत. 1930च्या दशकात लायलपूरला (आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद) लुथ्रा या वनस्पतीरोगतज्ज्ञांनी तर पातेलंही काढून टाकलं. मे-जूनमध्ये सकाळी चार तास भिजवायचं आणि दुपारी बारा ते चार रणरणत्या उन्हात पातळ थरात पसरायचं, बस. ढग आले तर ही रीत फसते, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलंत.

उपाय सांगणारे खूप भेटतात. उपाय कुठे चालणार नाही हे न विचारता सांगणारी माणसं विरळा, आणि त्यांच्यामुळेच बाकीच्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो. कोबीच्या बियांना 50 अंशांच्या पाण्यात 25 मिनिटं चालतात, फ्लॉवरच्या बियांना 20 च, हा आकडा देऊन तुम्ही थांबू शकला असता. पण वाटाणा, घेवडा, भोपळावर्गाच्या बिया यात घालू नका, साल फाटते आणि उगवण बसते, हे तुम्ही बजावलंत. जुनं, आधीच अशक्त बी सोसणार नाही. लेप दिलेल्या बियांचा लेप विरघळून जाईल. भाजीचं बी या हंगामापुरतंच करा, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम पाणी आतली घाण काढतं, राखण करत नाही. जमिनीतली बुरशी या बियांनाही गाठू शकते, म्हणून पूर्ण वाळल्यावर थायरम किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळायचंच. ज्या पावडरीवर आमचा राग होता तिलाही तुम्ही तिची जागा दिलीत. रागावलेल्या माणसाला हे ऐकवायला धीर लागतो.

शेतात काणीची ओंबी दिसली तर तिच्यावर आधी कागदी पिशवी चढवून मगच कापायची, झटकत न्यायची नाही, ही तुमची सूचना आता पाठ आहे. थर्मामीटरही दरवेळी आधी बर्फाच्या लगद्यात बुडवून शून्य दाखवतो का पाहिला जातो.

सगळ्या बियांना हात लावण्यापूर्वी 100 प्रक्रिया केलेले आणि 100 न केलेले दाणे ओल्या शोषकागदात शेजारी शेजारी ठेवायचे, असं तुम्ही सांगितलं होतं. ते ठेवले आहेत. आठव्या दिवशी मोजणी होईल. आकडा वाईट आला तरी आधी तुम्हालाच कळवू.

आपले,
बियाणं राखणारे