सल्ल्याच्या फीवरचा जीएसटी काढा

संपादक महोदय,

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला, हे उत्तम झाले. पण विमा किती रकमेचा घ्यावा आणि उरलेले पैसे कुठे गुंतवावेत, हे सेबीकडे (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांची नियामक संस्था) नोंदणी असलेल्या सल्लागाराला फी देऊन विचारले, तर सल्लागाराची जीएसटी नोंदणी असल्यास त्या फीवर 18 टक्के अजूनही लागतात.

इक्विटी म्युच्युअल फंडांत 40 लाख रुपये असलेले नोकरदार कुटुंब घ्या. रेग्युलर योजनेत, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या योजनेत, वितरकाचे कमिशन 0.8 टक्के धरले, तर वर्षाला 32,000 रुपये जातात. ते एनएव्हीतूनच (युनिटच्या किमतीतूनच) वळते होतात, हातात बिल येत नाही. हेच कुटुंब वितरकाशिवायच्या डायरेक्ट योजनेत गेले आणि सल्लागाराला 25,000 रुपये फी दिली, तर 7,000 वाचायला हवेत. प्रत्यक्षात फीवर 4,500 जीएसटी लागतो. शिवाय कमिशन वाचल्यामुळे नफा 32,000 ने वाढतो आणि युनिट विकताना, अशा नफ्यावरची वर्षाची सव्वा लाखाची सूट आधीच संपली असेल तर, त्यावर साडेबारा टक्क्यांनी 4,000 रुपये दीर्घकालीन भांडवली नफा कर बसतो. एकूण खर्च 33,500, उपकर वेगळाच. जो सल्लागार कोणाचेही कमिशन घेत नाही, त्याच्याकडे जाणे केवळ करांमुळे महाग पडते.

याचे मूळ असे की कमिशन नफ्यातून आपोआप वजा होते, फी होत नाही. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 48 नुसार भांडवली नफ्यातून खरेदीची किंमत, सुधारणेचा खर्च आणि निव्वळ हस्तांतरणासाठी झालेला खर्च एवढेच वजा करता येते. वार्षिक सल्ला फी त्यात बसत नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यातही हे तत्त्व तसेच ठेवले आहे. कंपनीने धंद्यासाठी सल्ला घेतला, तर तिला फीची वजावटही मिळते आणि जीएसटीचे क्रेडिटही (भरलेला जीएसटी स्वतःच्या देय जीएसटीतून वळता करण्याची सोय). पगारदाराला दोन्ही नाही.

सल्लागाराच्या बाजूचा पेच निराळा आहे. जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची उलाढाल. 25,000 फीची 80 कुटुंबे झाली की ती गाठली जाते. 81 वे कुटुंब घेतले की नोंदणी अटळ. मग जुन्या अशिलांचे बिल 29,500 करायचे, नाहीतर 25,000 तच कर धरून हातात 21,186 घ्यायचे. त्यामुळे एकट्याने काम करणारे कित्येक जण तिथेच थांबतात. सेबीने डिसेंबर 2024 मध्ये पात्रतेच्या अटी शिथिल केल्या, नक्त मालमत्तेऐवजी 150 अशिलांपर्यंत 1 लाखाची ठेव ठेवली. तरी देशभरात नोंदणीकृत सल्लागारांचा आकडा जेमतेम हजाराच्या घरात आहे. एवढ्यांची फी करमुक्त केल्याने तिजोरीला मोठे खिंडार पडणार नाही.

मागण्या दोन, आणि त्यांची दारे वेगळी. पहिली जीएसटीची. वकिलाने धंदा नसलेल्या व्यक्तीला दिलेली कायदेविषयक सेवा 28 जून 2017 च्या अधिसूचना 12/2017 नुसार करमुक्त आहे. त्याच धर्तीवर नोंदणीकृत सल्लागाराने अशा व्यक्तीला दिलेल्या सल्ल्याची नोंद त्या अधिसूचनेत घालावी. यासाठी कायदादुरुस्ती लागत नाही. जीएसटी परिषदेची शिफारस पुरते. परिषदेत महाराष्ट्राला जागा आहे, म्हणून हे निवेदन राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे गेले पाहिजे, खासदारांकडे नव्हे. करमाफी झाली की सल्लागाराला सॉफ्टवेअर आणि भाड्यावरचे क्रेडिट गमवावे लागेल. ते सोसण्याजोगे आहे, कारण या व्यवसायात मुख्य खर्च माणसाच्या वेळेचाच असतो.

दुसरी मागणी वजावटीची, आणि ती वित्त विधेयकातूनच होईल. भांडवली नफ्यातून वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत सल्ला फी वजा करू द्यावी. अटी कडक असाव्यात: पैसे बँकेतूनच दिलेले, पावतीवर 'आयएनए'ने सुरू होणारा सेबीचा नोंदणी क्रमांक, आणि त्या कुटुंबाच्या गुंतवणुकीवर सल्लागाराला किंवा त्याच्या घरातल्या कोणाला कमिशन नसणे. ही शेवटची अट सोडली, तर कमिशन घेणारेच फीची पावती फाडू लागतील. हे निवेदन मात्र खासदारांकडे आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे डिसेंबरअखेरपर्यंत पोहोचायला हवे. फेब्रुवारीत विधेयक मांडले गेल्यावर नवे कलम घुसवायला फारसा वाव राहत नाही.

— नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार, पुणे