सुकाणू धरणाऱ्या तांडेलकाकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

स्पर्धात्मक सागरी जलतरणातून मी यंदा निवृत्त झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारात प्रशिक्षक, आईवडील आणि प्रायोजक या सर्वांचे उल्लेख झाले, मात्र ज्यांच्या होडीमागे मी धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 36 किलोमीटरचे अंतर पोहून गेले, त्या तुमचे नाव कोणी घेतले नाही. प्रमाणपत्रावरही ते नाही, कारण त्यावर तांडेलासाठी रकानाच नसतो.

त्या मोहिमेसाठी आम्ही पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरली होती. रात्री उजेड मिळेल, एवढाच आमचा हिशेब होता. तुम्ही मात्र "पुनवेचं पाणी पोरीला झेपायचं नाही" असे म्हणून आम्हाला अष्टमीच्या भांगापर्यंत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांपर्यंत, थांबवलेत. पुनवेच्या उधाणाला वेग मिळतो हे खरे, पण वेळेचे गणित जरा जरी हुकले तरी तेच पाणी पोहणाऱ्याला मागे रेटते. धरमतरच्या खाडीतून ओहोटीबरोबर बाहेर पडायचे, रेवस-करंजाजवळ खाडीच्या तोंडाशी पाणी फिरेपर्यंत पोहोचायचे आणि पुढे बंदरात शिरणाऱ्या भरतीवर स्वार होऊन मुंबई गाठायची, हा सारा बेत तुमचा होता. मी फक्त हात मारत राहिले. (प्रशिक्षकांना हे वाक्य आवडणार नाही, पण ते त्यांनाही ठाऊक आहे.)

वाटेत तुम्ही पाण्यात रोवलेल्या, डोल या मासेमारीच्या जाळ्यांच्या खुंटांकडे पाहत होता, ते मला अजून आठवते. खुंटाभोवती पाणी कोणत्या बाजूला फुटते आहे, यावरून ओढीचा अंदाज घेऊन तुम्ही नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, थोडी वळवायचात आणि मी तुमच्या होडीला समांतर राहायचे. होडीला हात लागला की मोहीम बाद, हा नियम तुम्ही खलाशांना दोनदा बजावला होता. म्हणून कोमट ग्लुकोजची बाटली सुतळीला बांधून माझ्याकडे सोडली जाई. मी उताणी होऊन चार घोट घेई आणि बाटली सोडून देई. खाऱ्या पाण्याने जीभ सुजली होती, तेव्हा तुम्ही न विचारता साध्या पाण्याची बाटली पुढे केलीत. जेएनपीटीकडे निघालेले मोठे जहाज दिसले, तेव्हा मला थांबवून ते जाऊ देण्याचा निर्णयही तुमचाच होता. त्या वेळी मला तुमचा राग आला होता.

होडीचे महत्त्व किती, हे आरती साहा यांच्या कारकिर्दीत दिसते. 27 ऑगस्ट 1959 रोजी इंग्लिश खाडीतील त्यांच्या पहिल्या प्रयत्नात मार्गदर्शक होडीच उशिरा आली, अनुकूल वेळ निघून गेली आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना प्रतिकूल प्रवाहामुळे त्यांना थांबावे लागले. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी ती खाडी 16 तास 20 मिनिटांत पार केली आणि असे करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 मध्ये जगातील सात खडतर खाड्या व सामुद्रधुनी पोहण्याचे आव्हान पूर्ण केले, ते करणारे ते पहिले आशियाई. त्या प्रत्येक खाडीत त्यांच्या पुढे कोणाची ना कोणाची होडी चाललेली असणार. त्या होड्यांच्या कप्तानांबद्दल मला फार कुतूहल आहे.

तुम्ही डिझेलचे पैसे घेतलेत आणि वरच्या पाकिटाला हात लावला नाहीत. मासेमारीचा एक दिवस आमच्यासाठी बुडाला, त्याची भरपाई कशी करावी हे तेव्हा सुचले नाही. आता आमच्या क्लबने ठरवले आहे की यापुढे प्रत्येक मोहिमेच्या नोंदीत तांडेल आणि खलाशी यांची नावे असतील आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी वेगळी दिली जाईल. ही रक्कम तुम्ही नाकारू नये, अशी विनंती आहे. येत्या हिवाळ्यात क्लबच्या दोन मुली याच मार्गावर उतरणार आहेत. तारीख आम्ही ठरवलेली नाही. भांग कधीचा धरायचा, ते तुम्ही कळवावे.

आपली कृतज्ञ,
तुमच्या होडीमागे पोहलेली एक मुलगी