ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे बघा

संपादक साहेब, नमस्कार,

जून २०२५ ला मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल पडला, पुण्यात हायवेवरच्या नवले पुलावर तर अपघात चालूच असतात, व्हिडिओ लगेच फिरतात पण तिथे पोचलेली टीम आधी काय करते हे कुणी सांगत नाही. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे म्हणून लिहितेय. एकदम वीस-पंचवीस जखमी असले की पहिला माणूस उपचार करत बसत नाही, वर्गवारी करतो, एकेकाला मिनिटभरसुद्धा नाही. चालता येतंय त्याला हिरवा टॅग, थोडं थांबू शकतो त्याला पिवळा, श्वास मिनिटाला ३० च्या वर किंवा मनगटाला नाडी लागत नाही तर लाल, म्हणजे याला सगळ्यात आधी उपचार, श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तर काळा, म्हणजे आता याच्यासाठी थांबायचं नाही. तो काळा बांधताना मॉक ड्रिलमध्येसुद्धा माझा हात थरथरला, समोरची कॉलेजची पोरगी नुसती डोळे मिटून पडली होती तरी.

लोक मनापासून धावतात, जखमींना रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात आणतात, पण त्यात चालते-बोलतेच आधी पोचतात, बेड भरतात आणि लालवाला मागून येतो. म्हणून प्लीज १०८ ला फोन करा, अंदाजे किती जखमी ते सांगा, आणि अँब्युलन्सला बाहेर पडायला एक लेन मोकळी सोडा.

एक नर्स, धनकवडी, पुणे