आपल्या टाकीचं मूळ

खानापूर,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

आपल्या स्टेशनाच्या तुझ्या छोट्या मॉडेलचे, म्हणजे लेआउटचे, फोटो पाहिले. वायपी हे वाफेचं इंजिन झालं, सिग्नल झाले, प्लॅटफॉर्मवरचा गुलमोहरसुद्धा झाला, आणि इंजिनांना पाणी देणाऱ्या टाकीच्या जागी तू खोबरेल तेलाचं टोपण ठेवलंयस! वर लिहितोस, ‘टाकी ब्रिटिशांच्या काळातली, एवढं पुरे.’ पुरे कसं? साहेब इथं सव्वाशे वर्षं होता. त्यातल्या कुठल्या काळातली, ते सांग की. शेवटी मीच तीन रविवार टाकीखाली काढले. स्टेशन मास्तरांची परवानगी घेतली होती, तरी पहिल्या दिवशी गँगमननं दोनदा हटकलं.

खालून सुरुवात केली. जोतं आणि भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत. म्हणजे दगड इथलाच. वर रायबाग-चिकोडीकडं असती तर काळा दगड दिसला असता, आणि गोकाकला तो गुलाबी-तांबूस वाळूचा दगड. सांधा खिळ्यानं खरवडला तर भुगा पडला. चुन्याचा आहे. वरच्या दोन थरांत मात्र खिळा घसरतो, तिथं सिमेंट. म्हणजे वरचं काम नंतर कुणीतरी काढून पुन्हा केलंय. आपली लाइन टाकणारी सदर्न मराठा रेल्वे १८८२ ची. चुन्याचा भाग तिच्या काळातला असावा असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय हां, लेआउटवर पाटी लावून मोकळा होऊ नकोस.

मग रूळ. टाकीखालच्या तुळया जुन्या रुळांच्या आहेत, हे आपण लहानपणी बघितलं होतं, खरं कधी वाचलं नव्हतं. रुळाच्या पोटावर ओतताना नाही, लाटताना उठावाची अक्षरं येतात: कारखाना, वजन, साल. चुन्याचे थर लाकडी पट्टीनं हळू काढले तर ‘बॅरो’ दिसलं, पुढं एक आणि आठ हे आकडे, बाकी गंजानं खाल्लं. बॅरो म्हणजे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचा पोलाद कारखाना. मी तर उड्याच मारल्या. घरी येऊन वहीत ठोकून दिलं, टाकी अठराशे कितीतरीची. रात्री जेवताना चूक कळली. रूळ आधी रुळावर होता! गाड्या जड झाल्या की हलके रूळ निघतात, मग ते छप्पर, कुंपण, तुळई असल्या कामाला लागतात. तेव्हा अक्षरांवरून एवढंच ठरतं की तुळई त्या सालाआधीची नाही. किती नंतरची, ते रूळ सांगत नाही.

आता खरी मजा, टाकी. तिच्या पत्र्यांवर फुली दाबलेली आहे ना, आपण ‘पतंग’ म्हणायचो ती? तो दाबीव पोलादाचा पत्रा. त्याआधीच्या टाक्या बिडाच्या असायच्या. बिडाचा तक्ता सपाट, जाड, कडेला उभ्या पट्ट्या, अक्षरं असली तर ओतलेली. आणि बीड वाकत नाही, तडकतं. तुला आठवतं, वळवाच्या वाऱ्यात आंब्याची फांदी टाकीवर पडली होती? तो कोपरा अजून आत दबलेला आहे. चीर नाही. म्हणजे पोलाद. ती फांदी उपयोगाला येईल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं!

रेल्वेतले जुने लोक या टाकीला सरसकट ‘ब्रेथवेट’ म्हणतात. ब्रेथवेटची कंपनी कलकत्त्यात १९१३ पासून आहे, खरं फुलीचे पत्रे दुसऱ्यांनीही केले. ‘डालडा’सारखं झालंय ते. पाटी सापडल्याशिवाय कारखान्याचं नाव घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय. पाटीच्या जागी दोन भोकं आहेत. पाटी कुणी नेली ते देव जाणे. भंगारवाल्यापेक्षा माझा संशय आपल्यासारख्या शौकिनांवर जास्त आहे.

पुढची गोष्ट पंपवाल्या मामांनी सांगितली. वय ऐंशीच्या पुढं, कान गेलेत, डोकं ठीक. म्हणाले, “पयली बिडाची हुती गा, लांबडी. तडकली. ही दुसरीकडनं आणून बसिवली, मी पोरगं हुतो.” कुठनं आणली विचारलं तर म्हणाले, “वॅगनीतनं.” त्यापुढं काही निघालं नाही, चहाच निघाला.

खरं मामांचं ऐकून मी परत गेलो आणि भिंत मापली. भिंत चोवीस फूट लांब, टाकी सोळाच. दोन्ही टोकांना चार-चार फूट ओटा मोकळा सुटलाय, ज्यावर कबुतरं बसतात. इतकी वर्षं तो कबुतरांसाठीच बांधलाय असं मी धरून चाललो होतो. आणि आतल्या बाजूला एका पत्र्याच्या कडेवर पांढऱ्या रंगात आकडा आहे, पुसट तीन. सुटी करून पुन्हा जोडताना घातलेला. पत्रे बोल्टानं जोडलेले, त्यामुळं टाकी गावं फिरू शकते.

म्हणजे जोतं एका काळाचं, तुळया दुसऱ्या, टाकी तिसऱ्या. मालकही किती बदलले बघ: १९०८ ला मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, १९५१ ला दक्षिण रेल्वे, १९६६ ला दक्षिण मध्य, २००३ पासून नैर्ऋत्य. तुझी वायपी सत्तरच्या दशकात धावणारी. मामांच्या हिशेबानं तोपर्यंत पोलादी टाकी चढली होती, तेव्हा तीच कर. बिडाची करायची हौस असेल तर वायपी काढून ठेव.

आता मापं. फुलीचा पत्रा चार फुटी चौरस, तुझ्या एकास सत्त्याऐंशी प्रमाणात बरोबर चौदा मिलिमीटर. लांबीत चार, रुंदीत तीन, उंचीत दोन. म्हणजे छप्पन्न बाय बेचाळीस बाय अठ्ठावीस, आणि बाजूंना मिळून अठ्ठावीस पत्रे. भरली तर साडेनऊ हजार गॅलन, पाण्याचंच वजन त्रेचाळीस टन. म्हणून तुळया आणि भिंती बारीक करू नकोस, तुला नाजूकपणाची खोड आहे. भिंत चौऱ्याऐंशी मिलिमीटर लांब घे. ओटा विसरू नको.

फुलीसाठी लग्नपत्रिकेचा जाड कागद घे, खाली रबराची चप्पल, आणि रिकाम्या रिफिलनं मागून दाब. बोल्टांची डोकी बोथट सुईनं. मी माझे पहिले पत्रे फोटोवरून कापले होते. फोटो खालून घेतलेला, त्यामुळं वरची रांग बुटकी झाली. सगळे पत्रे चुलीत.

नवीन अठ्ठावीस केलेत. दबलेला कोपराही केलाय. पुढच्या आठवड्यात भाचा चिंचवडला येतोय, त्याच्याजवळ बिस्किटाच्या डब्यातून देतो. डबा परत पाठव, वहिनींनी मोजून दिलाय. गंजाचे ओघळ फक्त पंपघराच्या बाजूला काढ, पाणी तिकडनंच गळतं.

तुझा,
अण्ण्या