म्हापशाच्या घड्याळवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याचा. जूनमध्ये भर पावसात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं एचएमटी जनता हे चावीचं मनगटी घड्याळ घेऊन आलो होतो, तो. तुमच्याकडे रोज पन्नास माणसं येत असतील, पण माझ्या छत्रीचं पाणी तुमच्या काउंटरवर सांडलं होतं, त्यावरून कदाचित आठवेल.

बाबांच्या पहिल्या पगाराचं जनता होतं. एका पावसाळ्यात आत पाणी शिरलं आणि ते गेलं. तसंच एक शोधून त्यांना द्यायचं म्हणून मी ऑनलाइन जुनं मागवलं. विकणाऱ्याने ‘एकदम ओरिजिनल कंडिशन’ लिहिलं होतं. आलं ते दिवसाला वीस मिनिटं मागे पडणारं. विचारलं तर त्याने नंबरच ब्लॉक केला. मग एका दुकानाने ते तीन आठवडे ठेवून घेतलं, सहाशे रुपये घेतले आणि ‘ऑल ओके’ म्हणून परत दिलं. दुसऱ्याने तर हातातही न घेता सांगितलं, ‘हे फेकून बॅटरीवालं घ्या.’

तुम्ही मागचं झाकण उघडलंत आणि खाली बघतच म्हणालात, ‘हें कोणेंच उगडूंक ना.’ तेव्हा सहाशे रुपयांचा हिशेब लागला!

पण मला लिहायचंय ते पुढचं. तुम्ही डोळ्यावरचं भिंग काढलंत, शर्टाच्या टोकाने पुसलंत, स्वतः उठलात आणि तुमचं स्टूल माझ्याकडे सरकवलंत. ‘हांगा बस. तूंच पळय.’ इथे बस, तूच बघ.

मला आधी नुसतं धूसर दिसलं. मग तुम्ही चिमट्याच्या टोकाने एकेक दाखवत गेलात. चावी दिली की मेनस्प्रिंग, म्हणजे मुख्य स्प्रिंग, आवळते, ती सुटताना चाकं ओढते, आणि ते केसाएवढ्या स्प्रिंगवर डुलणारं बॅलन्स नावाचं चाक बाकीच्या चाकांना सेकंदाला पाच पावलांपेक्षा जास्त पळू देत नाही. डायलवरचे ‘17 ज्वेल्स’ मला आजवर मिरवण्याचे वाटायचे. ते आत होते, तांबडे, मोहरीहून बारीक. कारखान्यात बनवलेलं माणिक, आसांची टोकं झिजू नयेत म्हणून. बॅलन्स मात्र डुलत नव्हतं, कण्हत होतं. तेल सुकून डिंक झालेलं, आणि एका स्क्रूवर आपल्या खाऱ्या हवेचा गंज.

मग डायल. बाराच्या आकड्याखालची मिनिटाची रेघ जरा डावीकडे गेलेली, अक्षरांच्या कडा फुगलेल्या. रंगवलेली डायल. मी ती दोन महिने कौतुकाने बघत होतो. तुम्ही हसला नाहीत. ‘मशीन खरं आसा. डायल तेवढी नवी रंगयल्या,’ एवढंच म्हणालात. काटे आणि मशीन एकाच घराण्यातले आहेत, चावी मात्र दुसऱ्या कुठल्यातरी घड्याळाची, हेही सांगितलंत. डायल बदलायचा आग्रह केला नाहीत.

काका, गिऱ्हाईक अडाणी राहिलं तर तुमचाच फायदा होता. ‘डायल खराब, मशीन गेलं’ म्हणाला असता तर मी मुकाट्याने पैसे मोजले असते. शिवाय हे जुनं मशीन आता नव्याने बनतही नाही. 1961 मध्ये सिटिझनबरोबर बंगळुरात सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा धंदा 2016 मध्ये बंद करायचं ठरलं. जुन्या घड्याळांच्या बाजारात असं हाताशी धरून शिकवणारं कोणी भेटलं नसतं, तर मी दुसरंही तसंच रंगवलेलं घेतलं असतं. आता मी आधी मागचं झाकण उघडून फोटो मागतो. समोरचा कुरकुरला की तिथेच राम राम.

बाबा रोज सकाळी चहा उतरेपर्यंत चावी देतात. तुम्ही सांगितलंत तशी, ताण लागला की थांबतात. परवा म्हणाले, ‘डायल रंगवलेली आहे म्हणतोस, मग खरी कशी असते?’ मला नीट सांगता आलं नाही.

चवथ झाली की त्यांना घेऊन येतो. तेवढं स्टूल रिकामं ठेवा.